पोटातली चामखीळ

नांदे गावच्या सारजाबाईला माणसं तोंडावरून आठवत नसत, चामखिळीवरून आठवत. "कोन, पोलीसपाटील? हां हां, काखंतला!" असं ती भर लग्नात म्हणायची आणि पाटलाचा घास घशात अडकायचा. सरपंचाची चामखीळ कुठं होती हे गावात दोघींनाच ठाऊक, एक सरपंचाची बायको आणि दुसरी सारजाबाई. म्हणून तर सरपंच तिला रस्त्यात बघितलं की लांबूनच हात जोडायचा.

तिची रीत साधी. घोड्याच्या शेपटीचा केस घ्यायचा, चामखिळीच्या देठाला फास टाकायचा, तीन गाठी मारायच्या आणि रोज थोडं आवळायचं. आठवड्याभरात चामखीळ सुकून गळायची. मग ती तळहातावर घेऊन उजेडात मूळ बघायचं. मूळ निघालेलं दिसलं की बांधावर, नांगर जात नाही अशा ठिकाणी पुरून टाकायची. जागा मात्र कुणाला सांगायची नाही. सांगितली की परत उगवते.

केस ती वरातीच्या घोड्याचा उपटायची. वाजंत्री रंगात आली की ही बाई घोड्याच्या मागं. घोडा उधळायचा, नवरदेव मुंडावळ्यांसकट घोड्याच्या मानेवर आपटायचा, आणि ही पदराच्या टोकाला केस बांधून पहिल्या पंगतीत लाडू मोडत बसलेली असायची. तिचा नवरा गेणबा दुसऱ्या पंगतीत बसायचा, ही कोण बाई आपल्याला ठाऊक नाही असा चेहरा करून.

२००७ च्या उन्हाळ्यात सारजाबाईचं पोट बिनसलं. जेवलं की जळजळ, जिना चढला की दम. ती सोडा प्यायची, गल्लीला ऐकू जाईल असा ढेकर द्यायची आणि "गेला रोग" म्हणायची. वरच्या खोलीत ऋतिका भाड्यानं राहायची. पोरगी लातूरची, हिंजवडीत कंपनीत कामाला. एका सकाळी ती चहा पीत असताना सारजाबाई शेजारणीला ओरडून सांगत होती, "परसाकडं डांबरासारखं काळं व्हतंय गं!"

ऋतिकाचा कप तोंडाशीच थांबला. "काकू, काळं म्हणजे आतून रक्त जातंय. मी सुट्टी काढते, उद्याच पुण्याला चला."

"तुला दुसरं काय बघाया मिळंना व्हय?" सारजाबाई म्हणाली. पण गेली.

डॉक्टर पोरगेलाच होता, आणि त्याच्या कानाखाली हरभऱ्याएवढी चामखीळ होती. सारजाबाईनं त्याच्या तोंडाच्या आधी तीच पाहिली. देठाची हाय, आठ दिसांत पडंल, असा मनाशी निकाल दिला आणि मग दुर्बिणीला तयार झाली. नळी घशातून उतरताना तिनं डॉक्टरच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार केला. नळीमुळं तो कुणाला कळला नाही, एवढंच बरं झालं.

"मावशी," डॉक्टर म्हणाला, "पोटाच्या आतल्या अस्तरावर गाठ उगवली आहे. पॉलिप म्हणतात. चामखीळच समजा, देठ असलेली. अशातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो, म्हणून वेळेत काढायची. तारेचा फास टाकून देठापाशी कापू."

एवढ्या बोलण्यातलं सारजाबाईच्या कानात चामखीळ, देठ आणि फास एवढंच शिरलं.

"गाठी किती मारनार?"

"गाठी नाही मारत. विजेनं कापतो."

"लईच घाई तुमास्नी," ती म्हणाली.

मंगळवारी पॉलिप निघाला. नर्सनं औषधाच्या पाण्यात तरंगणाऱ्या त्या तुकड्याची बाटली गेणबाच्या हातात दिली आणि समोरच्या लॅबमध्ये तपासायला द्यायला सांगितलं. सारजाबाई शुद्धीवर येऊन बसली होती. तिनं ते पाहिलं.

"आना हिकडं! आपली चामखीळ लोकाच्या हाती देत्यात व्हय? मी पुरते." पस्तीस वर्षांच्या संसारात गेणबा एकदाही जिंकला नव्हता. त्यानं बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी ती बांधावर गेली. आता बांध कसला! जमीन बिल्डरला देऊन वर्ष झालं होतं, बांधाच्या जागी सॅम्पल फ्लॅट उभा होता आणि त्याच्यापुढं विकतच्या गवताची हिरवळ होती. कोपऱ्यातला उंबर तेवढा बिल्डरनं शोभेला ठेवला होता. सारजाबाईनं उंबराखाली बाटलीचं झाकण उघडलं, तर औषधाच्या वासानं डोळ्यांतून धारा लागल्या. मूळ बघायला गेली, पण काही दिसेना. तिनं झाकण गच्च लावलं, बाटली तशीच पुरली आणि नाक पुसत घरी आली.

पंधरा दिवसांनी डॉक्टरनं लॅबचा रिपोर्ट मागितला. गेणबा छताकडं बघायला लागला.

"पुरली," सारजाबाई म्हणाली.

"काय पुरली?"

"चामखीळ. कुटं ते इचारू नगा, आमी सांगत न्हाई."

डॉक्टरनं आधी कपाळावर हात मारला, मग खुर्ची पुढं ओढली. "मावशी, नीट ऐका. त्या गाठीच्या टोकाचा मला संशय आला होता. तिथं कॅन्सर सुरू झाला असेल, तर तो देठात किती उतरलाय हे फक्त त्या बाटलीतून कळेल. देठ स्वच्छ असला तर तुम्ही मोकळ्या. नसला तर पोटाचा भाग कापावा लागेल, आणि लवकर. न बघता मी काय करू? उगाच पोट कापू, की उगाच सोडून देऊ?"

या वेळी कॅन्सर शब्द सारजाबाईच्या कानात शिरला. सोबत आलेली ऋतिका हळूच म्हणाली, "काकू, जागा सांगू नका. नुसती बाटली आणून द्या."

"उकरली तरी तेच! परत उगवती," सारजाबाई खेकसली. पण घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि गेणबाला भीती वाटली ती याचीच.

ओट्यावर टेकल्यावर ती म्हणाली, "अवो, नथूभावजी आठवत्यात?"

नथू गेणबाचा चुलतभाऊ. बारा वर्षांपूर्वी त्याच्या टाचेवर काळी चामखीळ आली होती. सारजाबाईनंच केस बांधला, चामखीळ पडली. दीड वर्षानं जांघेत कॅन्सरची गाठ आली आणि नथू गेला. गावात कुणी सारजाबाईकडं बोट दाखवलं नाही.

"त्येंची पडली त्या दिशी पिरंगुटात लगीन होतं," ती म्हणाली. "पंगत चुकंल म्हनून मी मूळ न बघताच पुरली. लाडवापायी, अवो! बारा वर्सं मी ह्ये कुनाला बोलले न्हाई. आन आता माझी बी न बघताच पुरलीया." तिचा आवाज फाटला. "मला मरायचं न्हाई हो."

गेणबा उठला आणि माळ्यावरची कुदळ घेऊन आला.

दुपार कलत आली होती. सॅम्पल फ्लॅटपुढं पुण्याच्या गाड्या लागलेल्या, गिऱ्हाईकं हिरवळीवर फोटो काढत होती. त्यांच्या मधून सारजाबाई कासोटा मारून शिरली आणि खुरप्यानं गवताची पट्टी सोलायला लागली. गेणबानं कुदळ घातली. या वेळी तो दुसऱ्या पंगतीत नव्हता.

वॉचमन धावत आला. "माताजी, इधर खोदना मना है!"

"मना कशाचं? माझं पोट हाय त्यात!"

मग टायवाला सेल्समन आला. त्यानं गोड आवाजात विचारलं, "आजी, काय शोधताय?"

"कॅन्सर," सारजाबाई म्हणाली.

एक जोडपं मुकाट्यानं गाडीत जाऊन बसलं. सेल्समनचे डोळे पांढरे झाले. बाकीची गिऱ्हाईकं जायच्या आत हे आटपावं म्हणून त्यानं टाय खांद्यावर टाकला आणि स्वतःच माती उपसायला लागला. बाटली निघाली, झाकण होतं तसं गच्च. सारजाबाईनं ती उन्हात धरून एक डोळा मिटला. तुकडा तरंगत होता, देठही दिसत होता, पण मूळ निघालंय का नाही ते तिला सांगता येईना.

"हे माझ्या नजरंतलं न्हाई," ती म्हणाली आणि बाटली गेणबाच्या हातात दिली. "जावा. लॅबात द्या."

आठ दिवस तिनं ना सोडा प्यायला ना कुणाला शिव्या दिल्या. गेणबाला घर खायला उठलं. नवव्या दिवशी डॉक्टरनं कागद वाचला, परत वाचला.

"टोकाला कॅन्सर होता, मावशी. अगदी सुरुवातीचा. खाली देठ स्वच्छ आहे."

"म्हंजी?"

"मूळ निघालं."

सारजाबाईनं पदर तोंडाला लावला आणि भडभडून रडली. पोट अजून दुर्बिणीनं बघत राहावं लागेल, दर सहा महिन्यांनी यायचं, असं डॉक्टर सांगत होता, आणि ती मान हलवत होती. मग तिनं डोळे पुसले, पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि केस काढला.

"वाक खाली."

"मावशी, अहो..."

"वाक म्हंते ना! लई दिस बघतीया मी ती कानाखालची."

डॉक्टरनं दाराकडं पाहिलं, कुणी येत नाही याची खात्री केली आणि मान वाकवली. सारजाबाईनं तीन गाठी मारल्या. रोज थोडं कसं आवळायचं तेही दाखवलं.

आठव्या दिवशी ऋतिकाच्या मोबाईलवर त्याचा फोन आला. "काकूंना सांगा, पडली!"

सारजाबाईनं फोन हिसकावून घेतला. "मूळ बघितलंस का?"

"नाही, ती मी कचऱ्याच्या डब्यात..."

"काढ!" ती अशी ओरडली की शेजारीण दारात आली. "आदी काढ भाईर, बाटलीत घाल आन तपासाया धाड. मूळ निघालं का न्हाई ते मला कागदावर पायजे. माझा एक नथू झालाया."

"नथू कोण?"

"तू कागद आन," सारजाबाई म्हणाली, "मंग सांगते."