कोरी कॉलर

माझी मावशी लॉन्ड्रीत इस्त्रीला होती. गिऱ्हाइकं तिला तोंडावर ताई म्हणायची आणि पाठ वळली की कडकबाई. खळ घातलेल्या कपड्यापेक्षा बाईच जास्त कडक, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. नोकरीसाठी मी तिच्याकडे राहायला आले, तर पहिल्याच दिवशी माझ्या बॅगेतल्या सगळ्या घड्या मोडून तिने नव्याने घातल्या. वर विचारलं, "हात आहेत की फळकुटं?"

कपडा हातात आला की ती माणसाची कुंडली मांडायची. कॉलर उलटी करून आतल्या कडेवर बोट फिरवायचं आणि निकाल द्यायचा. हा बस पकडायला रोज धावतो. हा खुर्चीतून उठत नाही. या महाशयांचं नवीन लग्न झालंय, घामावर अत्तर मारतात. निकाल सहसा बरोबर निघायचा, त्यामुळे तिचा तोरा आणखी वाढायचा.

या सगळ्या कॉलरींच्या वर तिने एकच कॉलर ठेवली होती, तिच्या मुलाची. टिल्लू सात वर्षांचा. केस विरळ, दात उशिरा आलेले आणि तेही चारदोन, टोकदार. दिवसभर शाळेत काढून आला तरी शर्टाची कॉलर कोरी. डाग नाही, वास नाही. मावशी तो शर्ट गिऱ्हाइकांसमोर धरायची. "बघा. मुलांना वळण लावावं लागतं. माझा टिल्लू घामेजत नाही, कारण तो माकडासारखा उड्या मारत नाही."

तो उड्या मारत नव्हता हे खरं होतं. उन्हात जरा पळाला की पोरगं लालबुंद व्हायचं आणि मिळेल त्या सावलीत फतकल मारून बसायचं. उन्हाळाभर त्याला ताप यायचा. दवाखान्यातून बाटली आणायची, पण पंख्याखाली पडला की बाटलीचं बूच उघडायच्या आधीच ताप उतरलेला असायचा. "नाटकी आहे मेला," मावशी म्हणायची. दातांचं कुणी विचारलं तर, "आमच्या घरात सगळ्यांचं सगळं उशिरा!"

टिल्लूची एकच खोड होती. नळ दिसला की शर्ट काढायचा, आतला बनियन भिजवायचा, पिळायचा, ओलाच अंगात घालायचा आणि वर शर्ट चढवायचा. शर्टाला ओल लागून इस्त्री मोडायची. मावशीची इस्त्री मोडणं म्हणजे तिच्या थोबाडीत मारणंच. मग धपाटे.

"इस्त्रीवालीचा मुलगा आणि गटारातून काढल्यासारखा! लोक काय म्हणतील?"

"आई, मला आतून भाजतं."

"आतून भाजायला तू काय भट्टी आहेस?"

हे ती अशा ठसक्यात म्हणायची की ऐकणाऱ्याला हसू फुटावं. टिल्लूला फुटत नसे.

त्या दिवशी दुपारी शाळेत वर्गाचा फोटो होता. मावशीने त्याचा पांढरा शर्ट असा केला होता की नुसता टेबलावर ठेवला तरी उभा राहावा. फोटोला अवकाश होता, म्हणून त्याला गळ्यापर्यंत बटणं लावून तिने लॉन्ड्रीत आपल्या टेबलाशेजारी स्टुलावर बसवलं. एका बाजूला वाफेची इस्त्री, दुसऱ्या बाजूला कपडे वाळवायचं यंत्र. नळाला हात लावलास तर याद राख, असा दम दिला. तो दोनदा म्हणाला, "आई, जाऊ?" ती म्हणाली, "फोटो होईपर्यंत कळ काढ." पोरगं गुणी. त्याने काढली.

त्याला शाळेत न्यायला मी पोचले तेव्हा तो भिंतीला टेकून काहीतरी असंबद्ध बडबडत होता. डोळे उघडे होते, पण आम्हाला बघत नव्हते. मावशीने त्याच्या गालाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. दिवसभर तापलेली इस्त्री हाताळणारी बाई ती. मालकांनी कपडे भिजवायची बादली त्याच्यावर रिकामी केली आणि लॉन्ड्रीच्याच गाडीतून आम्ही त्याला हॉस्पिटलात नेलं.

तिथे ओल्या चादरी आणि पंखे लावून त्यांनी त्याला थंड केलं. तो शुद्धीवर आला. डॉक्टरीणबाईंनी त्याचे केस पाहिले, ओठ वर करून दात पाहिले, कोरडे तळवे चोळून पाहिले आणि विचारलं, "याला घाम येतो का?"

मावशीची पाठ आपोआप ताठ झाली. "छे! कधीच नाही. हवं तर कॉलर बघा." आणि खुर्चीवर पडलेला शर्ट उचलून तिने कॉलर उलटी करून त्यांच्यापुढे धरलीसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी शर्टाकडे पाहिलंच नाही. त्या मावशीकडे बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "काही मुलांना जन्मतःच घाम येत नाही. घाम नसला की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. केस, दात, सगळं त्यातलंच आहे. याला जपायचं, उन्हात खेळू द्यायचं नाही, अंग ओलं ठेवायचं. आजवर तो निभावला कसा? कुणी याचं अंग ओलं ठेवत होतं का?"

मावशीचा हात तसाच पुढे राहिला होता. तो कसा मागे घ्यावा हे तिला सुचेना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कॉलरी वाचल्या, आणि पोटच्या पोराची मिरवली.

पलंगावरून टिल्लूने जड जिभेने उत्तर दिलं. "मी ठेवायचो. पण आज नाही भिजवला, आई. एकदापण नाही."

शाबासकीसाठी तो तिच्याकडे बघत होता.

मावशी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "लांब हो. मला माझं तोंड कुणाला दाखवायचं नाही." एवढंच.

ती अजून त्याच लॉन्ड्रीत आहे. कॉलर आता उलटी करत नाही. तो कोरा शर्ट ज्यांना ज्यांना दाखवला होता, त्या गिऱ्हाइकांना तिने एकेकाला थांबवून सांगितलं, "ते वळण नव्हतं, आजार होता, आणि मी त्याला त्यासाठी मारत होते." लोक म्हणतात, "जाऊ द्या ताई, तुम्हाला काय माहीत!" तिला ते ऐकवत नाही.

दुपारी ऊन चढलं की ती बनियन भिजवते, पिळते आणि दोन्ही हातांनी टिल्लूपुढे धरते. घेण्याआधी तो अजूनही तिच्या तोंडाकडे बघतो, रागावली आहे का म्हणून. तेवढा वेळ ती मान खाली घालून उभी असते.