सातवी खोपी

वंदनाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी केजमध्ये एका घराच्या स्लॅबवर उभा होतो. सळया बांधून झाल्या होत्या, काँक्रीट यायचं होतं. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा होता. ताई सकाळीच गेली, एवढंच तो बोलला आणि मी "बरं" म्हणालो. कुणी गेल्याचं कळल्यावर माणूस "बरं" म्हणतो का? पण माझ्या तोंडून तेच गेलं, आणि नंतरही काही वेळ मी मिस्त्रीला सळयांमधलं अंतर तपासायला सांगत राहिलो. मग खाली उतरून वाळूच्या ढिगावर बसलो. रडू आलं नाही. पहिली गोष्ट मनात आली ती ही, की अकरा दिवसांपूर्वी त्यांना दिलेला शब्द मी पाळला नाही, आणि आता तो त्यांच्या हयातीत पाळला जाणार नाही. त्या फोनला आता पाच आठवडे झाले.

वंदनाताई आर्किटेक्ट होत्या, अंबाजोगाईच्या. पुण्यात शिकल्या, तिथं काही वर्षं नोकरी केली, आईच्या आजारपणात परत आल्या आणि इथंच राहिल्या. मी केजचा, डिप्लोमा केलेला सिव्हिल इंजिनिअर. त्यांनी नकाशा काढायचा आणि मी तो बांधून घ्यायचा, अशी आमची चौदा वर्षं गेली. वयानं त्या माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या, पण पहिल्या दिवसापासून मी त्यांना ताई आणि अहो म्हणत आलो. कारण पहिल्याच दिवशी त्यांनी माझी एक भिंत पाडायला लावली होती. ओळंब्यात नव्हती, बोटभर कललेली. मी म्हणालो, प्लास्टरमध्ये झाकून घेऊ. त्यांनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवता जेवता शांतपणे म्हणाल्या, की पाडून होईपर्यंत मी इथंच बसते. त्या खरोखर बसल्या. चिडणं, ओरडणं त्यांच्यात नव्हतंच. समोरच्याला स्वतःहून लाज वाटेपर्यंत त्या थांबत... हे मी आज लिहितो आहे, तेव्हा मला फक्त राग आला होता.

डोंगराचं काम आलं ते आबासाहेबांमुळे. बालाघाटाच्या उतारावर, जंगलाला लागून त्यांची जुनी जमीन. सीताफळ, धावडा, पळस, बोरी, सगळं आपोआप वाढलेलं. तालुक्यात त्यांचा शब्द चालतो. हे गृहस्थ एकदा कोकणात जाऊन आले आणि आपल्याकडंही शहरातले लोक सुट्टीला यावेत असं त्यांच्या मनानं घेतलं. सहा कॉटेज हवी होती. आम्ही पहिल्यांदा जागा बघायला गेलो तर पायथ्याला जेसीबी उभा, उताराच्या पायऱ्या करून सपाट जागा काढायला. वंदनाताईंनी आधी तो परत पाठवायला लावला. मग म्हणाल्या, मला एक पावसाळा द्या. आबासाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं.

तो पावसाळा त्या गेनाप्पाच्या मागं हिंडल्या. गेनाप्पा धनगर, वय सत्तरीकडं झुकलेलं. त्याची मेंढरं बापजाद्यांपासून त्या उतारावरून जायची. मेंढरं कुठून चढतात, कुठून वळतात, कुठं बसतात, हे बघत ताई मागून चुन्याची फक्की टाकत जायच्या. पाऊस पडून गेला की पाणी कुठून उतरलं तिथंही चुना. धुऊन गेला की पुन्हा. पावसाळा संपता संपता सगळा डोंगर पांढऱ्या रेघांनी भरला आणि त्या रेघांच्या मधे जी जागा उरली तिथं सहा खोप्या बसल्या. आबासाहेब त्यांना कॉटेज म्हणत, ताई खोपीच म्हणायच्या. दहा बाय बाराची एकेक खोली. भिंती त्याच डोंगराच्या दगडाच्या. खाली दगडी खांब, म्हणजे पाणी आलं तर खालून निघून जाईल. वर आपल्याकडच्या जुन्या माळवदासारखं मातीचं छत, आणि त्यावर गवत उगवू दिलेलं. एकही झाड तोडलं नाही. चौथ्या खोपीच्या ओसरीतून तर धावड्याचा बुंधाच वर गेला आहे.

काम झालं त्या दिवशी आबासाहेब खाली रस्त्यावर उभे राहिले आणि डोळ्यांवर हात धरून वर बघत राहिले. "एवढं बांधलं अन् इथून काहीच दिसना," ते म्हणाले. "लोकांला दाखवू काय?"

"दिसत नाही ना?" ताई म्हणाल्या. "मग झालं काम." त्या कामावर त्या हसलेल्या मला तेवढ्याच आठवतात.

दोन वर्षं लोक येत राहिले. मग ताईंचं दुखणं निघालं आणि त्या उपचारासाठी पुण्याला भावाकडं गेल्या. त्याच काळात आबासाहेबांनी मला बोलावलं. त्यांना सातवं कॉटेज हवं होतं, मोठं, खालून दिसेल असं, पाहुण्यांसाठी. जागाही त्यांनीच ठरवलेली. सगळ्यात चांगला देखावा तिथूनच दिसतो, हे खरं आहे. ती जागा मोकळी होती कारण ती ओघळ होती. पाऊस पडला की वरचं सगळं पाणी तिथून उतरायचं. हे मला माहीत होतं. चुन्याची फक्की मीही वाहिली होती. मी एकदा म्हणून बघितलं, ताईंना विचारून घेऊ. आबासाहेब म्हणाले, आजारी बाईला कशाला तरास देता? मला ते कारण सोयीचं वाटलं. ओघळीत भर घातली, चार धावडे तोडले, आणि नकाशा मीच काढला. ताईंच्याच खोप्यांवरून, थोडा ताणून. खालचे खांब तेवढे काढून टाकले, कारण आता भर होती. काम चालू असताना दर आठवड्याला मी त्यांना फोन करायचो. तब्येत विचारायचो. सातव्या खोपीचं नाव कधी काढलं नाही.

ताई परतल्या तेव्हा ती बांधून झाली होती. त्या अजून घराबाहेर पडत नव्हत्या, आणि मी काही बोललो नाही. पुढच्या परतीच्या पावसात, एका दुपारी, ओघळीत घातलेली भर सुटली. आत कुणी पाहुणे नव्हते. राखणदार सोपान गाद्या हलवायला गेला होता. मागची भिंत त्याच्या डाव्या पायावर आली. पाय वाचला, पण गुडघा वळत नाही. सोपान काठीशिवाय चालू शकत नाही.

बातमी आली तिच्यात सगळ्या खोप्यांच्या आर्किटेक्ट म्हणून ताईंचं नाव होतं. बातमीदारानं त्यांना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, की डोंगरावरच्या बांधकामाला मी जबाबदार आहे. एवढंच. ते छापून आलं आणि मी सकाळी चहा पिताना वाचलं. मला वाटलं, त्यांना कदाचित कळलंच नसेल की सातवी वेगळी आहे... असं मी स्वतःला सांगितलं. त्यांच्याकडं आलेलं एका शाळेचं काम परत गेलं. बाजारात लोक त्यांच्याकडं बघून आपापसात बोलायचे. मी त्यांच्याबरोबर असायचो तेव्हाही.

सोपान अंबाजोगाईच्या दवाखान्यात दोन महिने होता. ताई स्वतः थकलेल्या, पण एक दिवसाआड जायच्या. एकदा मी गेलो तर त्या त्याच्या खाटेशी स्टुलावर बसलेल्या. सोपान भिंतीकडं तोंड करून पडला होता. मला बघून ताई उठल्या आणि माझ्यासाठी स्टूल मोकळं केलं. मी बसलो नाही. घाई आहे म्हणालो.

शेवटची भेट त्यांच्या घरी. आजार उलटला होता. पलंग खिडकीशी ओढलेला, पांघरुणावर त्यांचे हात अगदी हलके दिसत होते. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि मग म्हणालो, "ताई, सातवी खोपी..."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पुण्याहून आले, त्याच आठवड्यात गेनाप्पा सांगून गेला."

मग त्यांनी मला ज्या प्रश्नाची भीती होती तो विचारलाच नाही. मीच विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"पावसाच्या आधी बोलायला हवं होतं. तू स्वतः येऊन सांगशील म्हणून वाट बघत बसले, ती माझी चूक. म्हणून जबाबदार म्हणाले, उगाच नाही म्हणाले." त्यांना दम लागला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मला सांगून काय होणार आता? सोपानला सांग."

मी हो म्हणालो. घर दूर नाही त्याचं. मोटारसायकलवर वीस मिनिटं लागतात. अकरा दिवसांत मी गेलो नाही.

तेरावा झाल्यावर गेलो. सोपान दारात, डावा पाय सरळ पसरून बसला होता. मी जमिनीवर त्याच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. जागा कुणी ठरवली, खांब कुणी काढले, नकाशा कुणाचा. तो शिव्या देईल, निदान काठी आपटेल असं मला वाटलं होतं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "म्या बाईला लई वाईट बोललो. दवाखान्यात. रोज बोलायचो. तुमी माझा पाय खाल्ला म्हनलो, माझी लेकरं उघड्यावर पडली म्हनलो... त्या गप बसून ऐकायच्या. मंग पानी पाजून जायच्या."

मला वर बघवेना. तो म्हणाला, "मला वर न्या."

डोंगर चढायला आम्हाला तासभर लागला. माझ्या खांद्यावर हात, दुसऱ्या हातात काठी. आबासाहेबांनी सगळंच बंद ठेवलं आहे. सातवीचे दगड ओघळीत तसेच पडलेत आणि त्यांच्यामधून पाणी आपल्या वाटेनं गेल्याच्या खुणा आहेत. सोपाननं तिकडं पाहिलं नाही. त्याला तिसऱ्या खोपीत जायचं होतं. काम चालू असताना ताई दुपारी तिथं टेकायच्या. जवळ जाईपर्यंत ती मलाही दिसली नाही, इतकं गवत वाढलं आहे. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गार होतं. जमिनीलगतच्या बुटक्या खिडकीतून उजेड येत होता. जमिनीवर आडवं पडलं की त्या खिडकीतून फक्त झाडांची खोडं दिसतात. ती किती उंचीवर हवी हे ठरवायला त्या स्वतः फरशी नसलेल्या मुरमावर पडून राहिल्या होत्या.

सोपान उंबऱ्याशी थांबला. डोक्यावरची टोपी काढली, काठी भिंतीला टेकवली आणि रिकाम्या खोलीकडं बघून म्हणाला, "बाई, माजं चुकलं."

मी त्याच्या मागं उभा होतो. ते वाक्य माझं होतं, आणि ते सोपान बोलला.