डॉक्टरबाईंच्या गाडीचा काटा

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. मोशीच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड टाकायची, बाहेर एक जुनी गाडी उभी करायची आणि ती दुरुस्त करायला एक इंजिनीअर ठेवायचा. बाकीचं आपोआप होतं.

आमची शेड बबन कांबळेची. बबन भोसरीच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन, मी त्याच कंपनीत नवा इंजिनीअर. आमच्या भागात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून आमचं गॅरेज गुरुवारी चालतं. पगार कंपनीचा, समाधान गुरुवारचं.

माझं एक मत आहे आणि ते मी बबनला वर्षभर ऐकवतोय. ज्या देशात मोजमापच खोटं, त्या देशात दुसरं काही खरं होणार नाही.

बबन म्हणतो, "बरोबर आहे राव. तो पाना दे."

*

चाकणच्या डॉक्टरबाईंची गाडी माझ्याच वयाची असेल. तिचा पेट्रोलचा काटा कायम फुल! टाकी भरा, रिकामी करा, काटा जागचा हलत नाही.

गाडी चालवतात निघोज्याचे नामदेवमामा. मी त्यांना विचारलं, मग पेट्रोल किती उरलंय ते कळतं कसं? मामा म्हणाले, वळणावर. गाडी वळली की टाकीत डुचमळतं, त्या आवाजावरून अंदाज येतो. आठ वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं म्हणे.

आणि मग एका दुपारी निघोज्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. टाकी कोरडी. गावात एक बाई बाळंतपणाला अडलेली. डॉक्टरबाई बॅग घेऊन उन्हातून दीड मैल चालत गेल्या. पोचल्या तेव्हा सुईणीनं सगळं आटपलं होतं. आई आणि बाळ सुखरूप होती. घरच्यांनी डॉक्टरबाईंनाच आधी पाणी दिलं आणि पंख्यानं वारा घातला.

आवाज कसा ऐकू आला नाही, असं मी मामांना खोदून विचारलं.

मामा शांतपणे म्हणाले, "रस्ता सरळ केला न्हवं सरकारनं. वळानच न्हाई ऱ्हायलं, तर कळनार कसं?"

*

त्याच आठवड्यात डॉक्टरबाई शेडवर आल्या. बाई मोजकं बोलतात. आठवड्यातून दोनदा त्या पाच गावांची फेरी करतात, आणि त्या गावांना दुसरा डॉक्टर नाही. हे सगळं मला माहीत होतं.

"परवाचं बाळ आपलं आपण आलं," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी येणार नाही. महिन्याभरात हा काटा खरा बोलायला लागला नाही, तर मी गाडी विकणार. मग फेरी बंद."

मी तिथल्या तिथं शब्द दिला. नुसता शब्द देऊन थांबलो नाही, मोजमाप आणि देश यांच्याबद्दलही थोडं बोललो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझी जीभ बघितल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

*

पहिल्या गुरुवारी मी डॅशबोर्ड उघडला. सगळ्या वायरींचा नकाशा काढला, तीन रंगांत. दुसऱ्या गुरुवारी नकाशा तपासला. काट्यात दोष सापडेना, म्हणून दोष काट्यातच असणार अशी माझी खात्री होत चालली होती.

बबन जेवून आला. त्यानं डिकी उघडली, टाकीवरची वायर सोडवली आणि तिचं टोक गाडीच्या उघड्या पत्र्याला लावलं. मला म्हणाला, चावी फिरव आणि बघ.

काटा फुलवरून सरळ खाली आला. रिकामा!

म्हणजे काटा चांगला, वायरही चांगली. दोष टाकीपाशी. या जातीच्या काट्याचं असं असतं, की टाकीकडचं अर्थिंग तुटलं की तो फुल दाखवत बसतो. आणि अर्थिंग का तुटलं, तर आठ वर्षांपूर्वी बाईंनी गाडी रंगवून घेतली होती. रंगारी इतका प्रामाणिक, की त्यानं टाकी, टाकीचे स्क्रू आणि स्क्रूखालची जागा, सगळ्याला दोन-दोन हात मारले होते, आणि रंगातून वीज जात नाही.

बबननं पॉलिश पेपरनं चार आणे एवढी जागा घासली. नंतर माझा नकाशा हातात घेऊन म्हणाला, "सुंदर आलाय राव. फ्रेम कर."

*

पण काम संपलं नव्हतं. आता काटा कायम रिकामा दाखवायला लागला.

टाकीत एक पोकळ पितळी डबी तरंगते, ती वरखाली झाली की काटा हलतो. आमची डबी बुडाली होती. बाहेर काढून कानाशी हलवली तर आत पेट्रोल. कुठंतरी बारीक भोक होतं, पण डोळ्यांना दिसेना. बबन म्हणाला, कढत पाण्यात बुडवायची, जिथून बुडबुडे येतील तिथं भोक.

कढत पाणी समोरच्या शंकररावांच्या चहाच्या टपरीवर. मी घाईनं डबी घेऊन थेट स्टोव्हकडेच निघालो होतो. बबननं मागून कॉलर धरली. पाण्याचं पातेलं त्यानं मला उचलून रस्त्याच्या अलीकडे आणायला लावलं, तेव्हा कुठं डबी बुडवू दिली. बुडबुडे आले, भोक सापडलं. पेट्रोल काढून डबी आठवडाभर उन्हात ठेवली, मगच तिसऱ्या गुरुवारी भोकाला कथलाचा डाग दिला.

पातेलं मात्र मी घासून परत केलं होतं. साबणानं, दोनदा. तरी संध्याकाळी शंकरराव आले आणि एवढंच म्हणाले, "इंजिनीअरसाहेब, आज गिऱ्हाइकं चहा पिऊन बिडी पेटवायला भ्यायली."

*

चौथ्या गुरुवारी डबी बसवली. पण काटा हलतो म्हणजे खरं बोलतो असं नाही, ते सिद्ध करायला हवं. मी टाकी रिकामी केली, गाडी ढकलत पंपावर नेली आणि पाच-पाच लिटर भरायला सांगितलं. दर पाच लिटरला थांबायचं, काटा बघायचा, वहीत लिहायचं.

मागं कांद्याचे तीन ट्रक उभे राहिले. त्यांचे हॉर्न सुरू झाले. मी हात वर करून सगळ्यांना सांगितलं की हे शास्त्रीय काम आहे.

पंपवाला नळी हातात धरून म्हणाला, "साहेब, गाडीला वावडं आहे का? चमच्यानं पाजताय म्हणून विचारलं."

काटा बरोबर निघाला. खुणेला खूण!

*

पाचवा गुरुवार. बाईंनी दिलेला महिना दोन दिवसांत संपणार होता. दुपारी बाईंची गाडी धुरळा उडवत शेडसमोर येऊन थांबली. नामदेवमामा उतरले. घामाघूम.

"काय केलंत वो गाडीला?" मामा म्हणाले. "सुई खाली चाललीया. फाट्यापासून बघतोय, अर्ध्याच्या बी खाली गेली. आठ वर्सं जागची हलली न्हवती. टाकी गळतीया कुठंतरी."

मी टाकीखाली हात फिरवून दाखवला. कोरडा. मी समजावलं की आठवडाभर गाडी फिरली, पेट्रोल जळलं, म्हणून सुई खाली आली, आणि तिचं कामच ते. मामांनी मान डोलावली, पण ती मला बरं वाटावं म्हणून.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. डॉक्टरबाई गाडीत मागं बसल्या की झोपतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. निघोज्याला एका पोराला ताप होता, तिकडे त्या निघाल्या होत्या. झोपेतून उठून, बॅग सांभाळत त्या खाली उतरल्या आणि त्यांनी विचारलं, "पेशंट कुठंय?"

बबननं माझ्याकडे बोट केलं.

बाईंनी शेड बघितली, मामांचा चेहरा बघितला, वाकून काटाही बघितला. मी विचारून टाकलं, गाडी विकणार का?

"गाडी बरी झालीये," बाई म्हणाल्या. "ड्रायव्हर घाबरलाय. मग गाडी कशाला विकू?"

त्या पुढचं दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या. मामा स्टिअरिंगपाशी बसले, पण गाडी सुरू करेनात. नजर सारखी सुईवर. शेवटी बाईंनी हात लांब केला, मामांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि काट्यावर झाकून ठेवली.

"आता चला."

गाडी निघाली. शेडपासून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता आम्हाला सरळ दिसतो. मागच्या काचेतून दिसलं, वळणाच्या आधी बाईंनी टोपीचा कोपरा जरा उचलला, आत डोकावल्या, मामांना काहीतरी सांगितलं आणि टोपी पुन्हा नीट झाकली.