ड्राइव्ह अजून वापरात आहे

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत, धूळ बसते तसे ते बसतात. शाहूपुरीतल्या आमच्या दुकानात मी आणि माझे भागीदार सलीमभाई कैक वर्षं समोरासमोर बसतोय. आता ती धूळ झटकायचंही सोडून दिलंय.

काही जुन्या लॅपटॉपला बाजूला एक खण असतो. त्यात जादा हार्ड ड्राइव्ह सरकवायचा, काम झालं की काढायचा. काढण्याआधी कॉम्प्युटरला तसं सांगावं लागतं. तो कधीकधी अडून बसतो : ड्राइव्ह वापरात आहे, नंतर प्रयत्न करा. आता कोल्हापूरच्या माणसाला ‘नंतर ये’ म्हटलेलं कधी चाललंय? तो ओढतो! सलीमभाईंचा नियम एकच. आधी कुठला प्रोग्रॅम धरून बसलाय ते बघायचं, तो बंद करायचा, ड्राइव्हची लाइट विझू द्यायची, मग हात लावायचा. हा नियम न पाळणाऱ्यांवरच आमचं पोट चालतं. बोलायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

*

कबनूरचे एक यंत्रमागवाले आले होते. साडीच्या काठांची डिझाइनं करणारे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. व्यापारी दारात उभा, ड्राइव्ह सुटेना, म्हणून हिसडा मारून काढला. आयुष्यभराचे काठ त्यात. सलीमभाईंनी तीन दिवस खटपट केली, एक फाइल निघाली नाही.

सांगितलं तेव्हा ते ड्राइव्ह हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "मागावर दोरा तुटला तर आम्ही गाठ मारतो. हितं कुठं मारायची, दावा की."

समोर आलेला चहा तसाच ठेवून ते गेले.

*

दुसरे जोतिबाच्या डोंगरावरचे फोटोवाले. भाविकांचे फोटो काढून तिथल्या तिथं प्रिंट देणारे. चैत्रातल्या यात्रेत गुलाल असा उडाला, की लॅपटॉपच्या खणात जाऊन बसला. कॉम्प्युटर ‘काढा’ म्हणतोय आणि खण सोडत नाही! घरचं दार अडकलं की करतात तेच यांनी केलं. फटीतून गोडं तेल सोडलं.

सलीमभाईंनी उघडलं तर आत नुसता लगदा. आठवडाभर त्यांची नखं गुलाबी होती. फोटोवाले डोळ्यांत पाणी आणून विचारत होते, देवाच्या दारातले फोटो देवानंच कसे जाऊ दिले?

सलीमभाई बोटं पुसत म्हणाले, "तेल देवाफुडं दिव्यात घालत्यात, पावणं. मशीनमदी न्हाय."

मी हसणार होतो, पण फोटोवाल्यांचा चेहरा बघून हसू आवरलं. सगळ्या यात्रेची मेहनत गेली होती.

*

हा किस्सा मी दुकानात सांगत नाही. एका गिऱ्हाइकाचा ड्राइव्ह कॉपीला लावला होता. माणूस काकुळतीला आलेला, जन्माचं सगळं त्यात आहे म्हणत होता. ड्राइव्ह जुना, मध्येच थांबवला तर संपलाच. तेवढ्यात सलीमभाईंच्या घरून फोन आला, अब्बांना दवाखान्यात नेलंय. मी म्हटलं, तुम्ही जा, मी बघतो. पण असल्या ड्राइव्हचं काम ते माझ्यावर सोडत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर होतं. लाइट विझेपर्यंत ते बसले. पाऊण तास.

"पोचलो तवा डोळं उघडं हुतं," त्यांनी नंतर सांगितलं. "बोलणं गेलतं."

ड्राइव्ह परत देताना मी उघडून बघितला. आत डब केलेले सिनेमे होते. सलीमभाईंना मी अजून सांगितलेलं नाही.

*

गेल्या महिन्यात पन्हाळ्याकडच्या एक मावशी जावयाबरोबर आल्या. मुलगा पुण्याला नोकरीला होता, अपघातात गेला. लॅपटॉप कंपनीचा, तो कंपनीनं परत मागितला होता. खणातला ड्राइव्ह मात्र मुलाचा स्वतःचा, तेवढा काढून हवा होता. जावई म्हणाला, दोन दिवस झालं सुटत नाही, ओढायला हात होत नाही.

लॅपटॉप त्यांनी कधी बंदच केला नव्हता, नुसता मिटून ठेवलेला. सलीमभाईंनी नेहमीप्रमाणे आधी कोण धरून बसलंय ते बघितलं. मागं एक व्हिडिओ उघडा होता, मध्येच थांबवलेला. बहिणीच्या हळदीत तो पोरगा कॅमेऱ्याकडं बघून काहीतरी सांगत होता, तोंड अर्धवट उघडं.

सलीमभाई म्हणाले, मावशी, एवढं बंद केलं की ड्राइव्ह सुटतो. फोटो, व्हिडिओ सगळं तसंच राहील, घरच्या कॉम्प्युटरवर दिसेल.

त्यांनी माउसकडं हात नेला, तसा मावशींनी त्यांचा हात धरला.

"बंद करा बाबा. पर फुडं जाऊ देऊ नगा. रोज जरा जरा बगती मी. अजून नऊ मिनिटं हाईत त्येची, ती मी बगितली न्हाईत."