चार तास चालणारा टॅब

दारात आली की ती डावा हात माझ्यापुढे धरायची. "बघा मामा, मोटर चालू हाय ना?" डायलिसिससाठी तिच्या हातातल्या शिरा जोडलेल्या. तिथं बोट ठेवलं की थरथर लागायची. मी बोट ठेवून म्हणायचो, "चालू आहे. जा आत."

मुलुंडच्या त्या सेंटरवर मी वॉचमन. तुम्ही कधी कुणाला अशा ठिकाणी नेलं असेल, तर बघितलं असेल, आत जाणारं माणूस फार बोलत नाही. ही बोलायची.

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर. मुलगा मस्कतला हॉटेलात स्वयंपाकी. तो फोन ओट्यावर टेकवून कांदा चिरायचा, ही पलंगावरून विचारायची, "मीठ चाखलंस का रे?" सगळा वॉर्ड हसायचा. पण साखरेनं नजर अधू झालेली, छोट्या फोनवर मुलगा धूसर दिसायचा. त्यात दीड तासात बॅटरी खलास. पलंगाजवळचे प्लग मशीनचे. उरलेला वेळ ती छताकडे बघत पडायची.

मोठ्या पडद्याचा टॅब घ्यायचं ठरलं. तिनं अकरा हजार माझ्याकडे दिले. मी दुसरी शिकलोय, पण हिशेबात मला कुणी गंडवत नाही. स्टेशनजवळ समोरासमोर दोन दुकानं. दोघांच्याही टॅबच्या डब्यावर बॅटरी दहा तास. मी मानलं नाही. काउंटरवर व्हिडिओ लावून घड्याळ बघत उभा राहिलो. अकरा हजारवाला तासाभरात शंभरावरून सत्तरवर, म्हणजे तीन तास. चौदा हजारवाला ऐंशीवर, म्हणजे पाच.

"तीनवाला आणा," ती म्हणाली. "शेवटचा तास झोपंन मी."

"चार म्हणजे चार. तुझ्याच पैशात आणतो."

"लई हट्टी हाय तुमी, मामा."

तीन आठवडे ड्युटी सुटली की मी चौदावाल्या दुकानदाराच्या डोक्यावर बसायचो. शेवटी कंटाळून त्यानं अकराला दिला. शनिवारी पूर्ण चार्ज करून खुर्चीखाली ठेवला.

ती आली नाही. सिस्टरनं तिच्या पलंगावर दुसऱ्याला घेतलं, तेव्हा उठून विचारलं. पहाटेच गेली होती.

दिवसकार्याला मुलगा आला. मी टॅब त्याच्या हातात दिला, पाच तास चालतो म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "आई रोज सांगायची, मामा आणतायत, मामा आणतायत."

त्या तीन आठवड्यांत ती नऊ वेळा मशीनवर पडली. तीनवाला असता तर दर वेळी मुलगा दीड तास जास्त दिसला असता तिला. एवढा हिशेब मला येतो.