शिट्टीच्या आधीचा आवाज

लग्न होऊन श्रीरामपुरात आले तेव्हा सासरी भांड्यांपेक्षा भोंगे जास्त होते. आमच्या ह्यांचा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा. माजघरात ॲम्प्लिफायर, कॉटखाली वायरींची भेंडोळी आणि पाण्याच्या हंड्याशेजारी ट्रकची बॅटरी. माहेरी मैत्रिणी म्हणाल्या होत्या, नवरा गाण्याबजावण्यातला आहे, मजा आहे बाई तुझी. कसली मजा! दिवसभर "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" ऐकून डोक्याचा पार भुगा व्हायचा.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमचं घर चालायचं ते एका साखर कारखान्याच्या जिवावर. सभा असो, सत्कार असो, भोंगे आमचेच. एकदा सभासदांच्या सभेत चेअरमनसाहेब बोलायला उभे राहिले आणि भोंग्याने अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतले म्हातारे कानावर हात ठेवून उठले. माईकमधला आवाज भोंग्यातून निघून परत माईकमध्ये शिरला की हे होतं. साहेब तांबडेलाल झाले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, यंदा बॉयलर पेटवायच्या समारंभात पुन्हा शिट्टी वाजली तर कायमचे नगरहून भोंगे मागवू.

आमच्या तोंडचं पाणीच पळालं. हे जेवले नाहीत. दुपारी मला म्हणाले, "हिकडं ये. भितीकडं तोंड करून बस. तुजा कान तयार करायचा हाय."

"माझा कशाला? तुमचा आहे की!"

"मी एकटा पुरा पडत न्हाई. बस गुमान."

बसले. काय करता? ह्यांनी रेकॉर्ड लावली आणि माझ्या पाठीमागे आवाजाचं एक बटण फिरवून विचारलं, "बदललं का?" पहिले काही दिवस बटण एवढं फिरवायचे की गोठ्यातल्या म्हशीलाही कळलं असतं. मी आपली खूश. मग फिरवणं कमी कमी होत गेलं. आणि मग तर हद्दच झाली. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "बदललं, बारीक झालं," तर हे शांतपणे म्हणतात कसे, "बटनाला हातबी लावला न्हाई."

असा संताप आला! ताडकन उठले आणि चुलीपुढे जाऊन भाकरी थापायला बसले. त्या दिवशीच्या भाकरी जाडजूड झाल्या. ह्यांनी मुकाट्याने खाल्ल्या आणि दुपारी पुन्हा, "बस."

पण हळूहळू गोडी लागली, हे कबूल करायला हवं. कधी भोंग्यावर गोधडी टाकायचे, एकपदरी, दुपदरी, आणि मी न बघता सांगायचं, किती टाकली. कधी माईक तोंडापासून दूर धरून बोलायचे. रोज सुरुवात सोप्याने, मग अवघड. माझ्या दोन चुका लागोपाठ झाल्या की लगेच बंद. "ऱ्हाऊ दे. कान दमला की मनातलंच ऐकाया लागतो," असं म्हणायचे. मी शाळा सातवीपर्यंत शिकले, पण इतक्या मायेने मला कुठल्या मास्तरांनी शिकवलं नाही.

शेवटचा धडा अंगणात. माईक भोंग्यासमोर ठेवायचा आणि आवाज अगदी सावकाश वाढवत न्यायचा. शिट्टी यायच्या आधी एक बारीक सूर येतो, आधण उकळायच्या आधी पातेल्याच्या तळाशी येतो तसा. तो ऐकू आला की मी हात वर करायचा. हे तरीही बटण फिरवतच राहायचे, खरी शिट्टी वाजेपर्यंत, आणि मग माझा हात किती आधी वर गेला ते सांगायचे. शेजारची कुत्री भुंकायची. सासूबाई ओसरीवरून ओरडायच्या, "येड लागलंय दोगांला! सून भितीकडं बगून हात वर करती, आन् ह्यो तिच्याकडं बगत बसतोय!"

खरंच, मी हळूच मागे वळून बघितलं की हे माझ्याकडेच बघत असायचे. एक नजर बटणावर, एक माझ्या हातावर. मी नवी नवरी. मला वाटायचं, प्रेमच ऊतू चाललंय. लाजून चूर व्हायची.

समारंभाला हे म्हणाले, "बायकांत फुडं बस, मला दिसंल अशी." सकाळची वेळ, कारखान्याच्या आवारात मांडव, पूजा झाली, नारळ फुटला. हे खांबाजवळच्या टेबलाशी ॲम्प्लिफायर घेऊन बसलेले. चेअरमनसाहेब उभे राहिले. आवाज चांगला लागला होता. मग त्यांना जोर चढला, ते माईकवर वाकले आणि मला तो सूर ऐकू आला. बारीक, भोंग्याच्या पार आतून आलेला.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना कळायलाच हवं होतं, अंगणात मला कळायचं ते! पण हे ढिम्म. नुसते माझ्याकडे बघत बसलेले. सूर वाढत होता. भर सभेत हात वर कसा करणार? मी पदर उचलून डोक्यावर घेतला. ह्यांचा हात तत्क्षणी बटणावर गेला. सूर विरला. साहेब बोलत राहिले, टाळ्या पडल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

मांडव रिकामा झाल्यावर आम्ही वायरी गुंडाळत होतो. मी विचारलं, "अहो, तुम्हाला तो ऐकू येत नाही?"

"न्हाई," हे खाली बघून म्हणाले. "भोंग्याशेजारी हुबं ऱ्हाऊन ऱ्हाऊन बारीक आवाज गेलं समदं."

"मग ते सगळे धडे? मी बरोबर का चूक, कसं सांगत होता?"

"बटन माज्या हातात हुतं की. किती फिरवलं ते मला ठावं हुतं."

"अहो, पण मला आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू भिऊन कवाबी हात वर केला असता. मला खरा हात पायजे हुता."

इतका राग आला, आणि त्या माणसाची इतकी माया आली, की वायरीचं भेंडोळं तिथेच टाकून मी रडले.

पुढे कित्येक वर्षं मी प्रत्येक कार्यक्रमाला बायकांच्या पहिल्या रांगेत. उसावरच्या किडीची व्याख्यानंसुद्धा ऐकली. लोक म्हणायचे, बाईला भाषणांची लई आवड. मी पदर सावरत बसायची.

आता हे नाहीत. परवा नातीच्या शाळेत गॅदरिंग होतं. पाहुणे माईकवर वाकले आणि तो सूर आला. माझा हात आपोआप पदराकडे गेला. मी पदर डोक्यावर घेतला आणि खांबाजवळच्या टेबलाकडे बघितलं. तिथला पोरगा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. शिट्टी वाजली. सगळे कान झाकून हसले. मी पदर तसाच ठेवला.