आबांची जादा फेरी

माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारची मॅट एकाच ठिकाणी झिजलेली आहे. तिथे माझे सासरे, आबा, ब्रेक दाबायचे. त्या बाजूला ब्रेक नसतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दीपनगरच्या वीजकेंद्रात सगळी नोकरी यंत्रांजवळ काढलेला माणूस. पण मी चाळिशीनंतर गाडी शिकलो होतो, आणि खरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे याचा त्यांना काहीच दिलासा वाटत नसे.

तोंडाने मात्र ते कधी ओरडले नाहीत. जावयावर ओरडायचं कसं? एरवी ते छापील मराठी बोलत, घाबरले की मूळची यावलकडची बोली वर यायची. "जावईबापू, छान चालवता तुम्ही. फक्त तो ट्रक आपल्याले पाहून राह्यला का, तेवढं बघा." एकदा आमच्याच कॉलनीतला, पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर मला दिसलाच नाही. आम्ही दोघेही छताला टेकून खाली आलो. आबांनी टोपी सारखी केली. म्हणाले, "नवीनच केलेला दिसतो. तुमची काय चूक?"

स्पीडब्रेकरवर त्यांचा विश्वास नव्हता. तो झाल्यापासून मोटरसायकलवाले गटाराजवळच्या फटीतून गाड्या काढत, आणि आबा नेमके तिथूनच पायी जात. "पूर्वी गाड्या बाजूने जायच्या, आता पायावरून जातात," असं ते म्हणत. सर्कलवर मात्र त्यांचा भारी जीव. चौकातला सिग्नल काढून सर्कल केलं तेव्हा अख्ख्या जळगावात तेच सगळ्यात खूश असावेत.

"सिग्नलला माणूस दिव्याकडे पाहतो, जावईबापू. सर्कलला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागतं. त्यानं माणूस सुधारतो."

"तोंड दिसलं की शिवी नेमकी देता येते, एवढाच फायदा," मी म्हणालो.

आबा हसले, पण मत सोडलं नाही. राँग साइडने कोणी आलं की ते स्कूटर थांबवून विचारत, "काय भाऊ, देवळातही उलटी प्रदक्षिणा घालता का?"

ही स्कूटर हाच आमच्या घरचा घोर होता. आबा मागच्या गल्लीत एकटे राहत आणि रोज सकाळी तिच्यावरून, त्याच सर्कलला वळसा घालून, भाजीबाजारात जात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. ते परत येईपर्यंत माझ्या बायकोचा जीव थाऱ्यावर नसे. शेवटी तिने मला हुकूम केला, "तुम्ही गाडी घेऊन त्यांच्या मागे जा. फक्त त्यांना कळू देऊ नका."

मी जाऊ लागलो, आणि भलतंच दिसलं. आबा सर्कलमध्ये शिरत, पण बाहेर पडत नसत. बाजाराचा रस्ता समोर दिसत असून तो सोडून पुन्हा फिरत. डावीकडून रिक्षा, उजवीकडून ट्रॅक्टर, मधे ती पांढरी टोपी, आणि मागे जीव मुठीत धरून मी. घरी येऊन मी सांगितलं, "आबांना वळण आठवत नाही." बायको रडली. धुळ्याला मेहुण्याला फोन गेला.

एका सकाळी केळीचा टेम्पो राँग साइडने सर्कलमध्ये घुसला, थेट आबांच्या समोर. मी घाबरून हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आबांनी दचकून मागे पाहिलं, हँडल फिरलं, आणि स्कूटर आडवी झाली.

टेम्पोवाल्याने उतरून त्यांना उचललं आणि तो माझ्याकडे वळला. "ओ साहेब, मी उभा राहिलो होतो ना. हॉर्न कशाला बडवला?"

गुडघा चोळत आबा म्हणाले, "त्यांना बोलू नका. जावई आहेत माझे."

गुडघा सोलवटला होता, एवढंच. पण घरात निकाल लागला. स्कूटर विकायची, आबांनी धुळ्याला मुलाकडे राहायचं. मला वाटलं होतं, ते भांडतील. ते फक्त म्हणाले, "बरं."

पोचवायला मीच गेलो. मेहुण्याच्या दारात गाडी थांबली तरी आबा उतरेनात. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुम्ही रोज मागे यायचे, ते आरशात दिसायचं मला."

मी इंजिन बंद केलं.

"सर्कलमध्ये तुम्ही आतल्या बाजूला अडकायचे. बाहेर निघता यायचं नाही तुमाले. मी बाजाराकडे वळलो असतो तर तुम्ही एकटेच फिरत राह्यले असते. म्हणून मी अजून एक फेरी घ्यायचो. वाटायचं, आता निघतील."

"आबा, अहो, मग घरी सांगायचं ना. स्कूटर तरी राहिली असती."

"काय सांगायचं? जावयाला गाडी येत नाही म्हणून?" असं म्हणून ते सावकाश उतरले, दाराशी गेले आणि आत सुनेला हाक मारली, "अगं, जावईबापू आलेत. बसायला खुर्ची दे आधी."